आरामखुर्ची घेताना आधी तिचे स्क्रू पाहावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत घराभोवतीच्या बागेची सजावट या विषयावर नुकताच एक सचित्र लेख प्रसिद्ध झाला. पाठ मागे कलती करून पाय लांब सोडता येतील अशा ज्या आरामखुर्च्यांना हल्ली दुकानांत सन लाउंजर म्हणतात, त्या हिरवळीवर मांडल्याची सुरेख छायाचित्रे त्यात होती आणि खुर्चीचा रंग भिंतीच्या रंगाशी कसा जुळवावा याचे मार्गदर्शनही होते. मात्र ती खुर्ची दुसरा पावसाळा काढील की नाही, याविषयी लेखात एक ओळही नव्हती. लेखकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही. पण अशाच छायाचित्रांच्या मोहाने घेतलेल्या माझ्या दोन खुर्च्या सहा वर्षांत मोडल्या आहेत, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तीस वर्षे वेल्डिंग शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने अशी फसगत करून घ्यावी याची खंत पैशांपेक्षा मोठी आहे. म्हणून या विषयाची दुसरी बाजू मांडण्यासाठी थोडी जागा द्यावी, ही विनंती.

आमचे घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर येणारे खारे तुषार प्रत्येक वस्तूवर बसतात. सकाळी ओट्याच्या कठड्यावरून बोट फिरवून जिभेला लावले तर खारट लागते. ज्या देशांत ऊन दुर्मीळ असते, तिथे उन्हाळ्याचे दोन-तीन महिने अंगावर ऊन घेण्यासाठी लाउंजर बाहेर काढतात आणि थंडी लागली की झाकून किंवा आत नेऊन ठेवतात. आपल्याकडचा प्रकार उलटा आहे. मार्गशीर्ष-पौषातले सकाळचे कोवळे ऊन सोडले, तर आपण आपखुशीने उन्हात बसतच नाही. ऊन उतरल्यावर, संध्याकाळचा चहा घेऊन आपण खळ्यात, म्हणजे अंगणात, येतो, तोपर्यंत दिवसभराचे ऊन खुर्चीने खाल्लेले असते. म्हणजे आपल्या खुर्चीवर माणूस दिवसातून तासभर बसतो आणि हवामान चोवीस तास बसते. तिची निवड करताना या दुसऱ्या पाहुण्याचा विचार आधी करायला हवा.

माझी पहिली खुर्ची काळ्या रंगाची, लोखंडी नळीची होती. तिच्याबद्दल फार लिहीत नाही, कारण चूक उघड होती. पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची पूड भाजून चढवलेला थर, कितीही गुळगुळीत दिसले तरी ते नळीच्या बाहेरून असते. आतली बाजू कोरी राहते आणि पाण्याला आत शिरायला पायाच्या टोकाचे प्लास्टिकचे बूच पुरेसे असते. पहिल्या पावसाळ्यात त्या बुचाखालून फरशीवर तांबूस थेंब पडू लागले, दुसऱ्या पावसाळ्यात वेल्डिंगच्या रेषेवर रंग फुगला आणि तिसऱ्या वर्षी पाय नळीपासून सुटला. लोखंडच घ्यायचे असेल, तर सगळी जोडणी झाल्यावर वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज केलेले घ्यावे, कारण त्यात नळीच्या आतूनही जस्त चढते. ते दिसायला करड्या बादलीसारखे असते, म्हणून शोरूममध्ये सहसा नसते. गावातला फॅब्रिकेटर सांगाडा बनवून तो तशा कारखान्यात पाठवू शकतो. मात्र नळ्यांत जस्ताला आणि हवेला वाट राहील अशी भोके आधी पाडून घ्यावी लागतात, नाहीतर जस्त आत जात नाही आणि कोंडलेल्या हवेने किंवा ओलाव्याने नळी फुटण्याचा धोका असतो.

दुसऱ्या खुर्चीच्या वेळी मी शहाणा झालो होतो, असे मला वाटत होते. ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि त्यावर वेतासारखी दिसणारी कृत्रिम वेण असलेली ती खुर्ची मी चौदा हजार रुपयांना घेतली. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, हे मी वर्गात शेकडो वेळा सांगितले होते. दोन पावसाळे ती खुर्ची ठीक राहिली. गेल्या दिवाळीच्या आधी आमचे मामा, वय वर्षे एक्क्याऐंशी, तिच्यात टेकून वर्तमानपत्र वाचत बसले असताना पाठीचा भाग एकाएकी खाली गेला आणि मामा उताणे झाले. सुदैवाने मार बसला नाही. कपातला चहा मात्र सगळा सदऱ्यावर सांडला, आणि ‘ही खुर्ची की उंदराचा पिंजरा’ असे त्यांनी विचारले, त्याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची ओट्यावर आडवी घालून सोडवली. सांगाड्याची नळी बाकी सगळीकडे ठणठणीत होती. वेणही शाबूत होती. पाठीला टेकू देणारा दांडा ज्या ठिकाणी सांगाड्याला जोडलेला असतो, तेथला जेमतेम दीड इंचाचा स्क्रू गेला होता. त्याच्या जोडीदाराला पाना लावताच त्याचे डोके तुटून हातात आले. भोकाभोवती मिठासारखी पांढरी भुकटी जमली होती, ती झाडल्यावर खाली नळीचा पत्रा कागदाइतका पातळ झालेला दिसला आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने नुसते टोचताच तो आरपार गेला. ही भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच गंज होय. दोन वेगळे धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की तेथे एक लहानशी बॅटरी तयार होते आणि त्यांतला जो धातू सहज विरघळतो तो दुसऱ्यापायी झिजत जातो. पोलाद आणि ॲल्युमिनियम या जोडीत झिजणारा धातू ॲल्युमिनियम असतो. स्क्रूवर जस्ताचा मुलामा होता, पण तो काही मायक्रॉन जाडीचा, विजेने चढवलेला. तो संपल्यावर पोलाद उघडे पडले, त्यालाही गंज लागला आणि त्याच्या संगतीत नळीही गेली. चौदा हजारांची खुर्ची दोन रुपयांच्या स्क्रूने घालवली, असा त्याचा सरळ हिशेब आहे.

यासाठीच माझे ग्राहकांना सांगणे असे आहे की दुकानात गेल्यावर गादी, रंग, वेण हे सगळे नंतर पाहावे. आधी खुर्ची उलटी करावी. विक्रेत्याला ते आवडत नाही, पण उलटी केल्याशिवाय खुर्चीचे खरे रूप दिसत नाही. जोडणीचे बोल्ट स्टेनलेस स्टीलचे आहेत, एवढे ऐकून समाधान मानू नये, कारण स्टेनलेस हे एका कुटुंबाचे नाव आहे आणि त्यातले सगळे भाऊ सारख्या गुणांचे नाहीत. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या २०० मालिकेच्या पोलादात महाग निकेल कमी करून मँगनीज वाढवलेले असते आणि किनाऱ्यावर त्याच्यावर लवकर तांबूस ठिपके येतात. ३०४ या प्रकारात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. पुणे, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगरच्या बागेसाठी ते पुरेसे आहे. समुद्रकाठी मात्र ३१६ हवे, कारण त्यातले दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम मिठाच्या माऱ्याला तोंड देते. चुंबक लावून पाहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चुंबक जोराने चिकटले तर शंका जरूर घ्यावी, परंतु चिकटले नाही म्हणून निर्धास्त राहू नये; २०० मालिकेच्या पोलादालाही ते चिकटत नाही. त्यापेक्षा बोल्टचे डोके निरखून पाहावे. चांगल्या बोल्टवर ‘ए’ हे इंग्रजी अक्षर आणि त्यापुढे २ किंवा ४ हा आकडा उठवलेला असतो. २ म्हणजे ३०४च्या जातीचे आणि ४ म्हणजे ३१६च्या जातीचे पोलाद. डोक्यावर काहीच नसेल तर विक्रेत्याच्या शब्दाखेरीज आपल्या हाती काही नाही, हे ओळखावे.

खुर्ची आधीच घरात आली असेल आणि तिचे स्क्रू साधे निघाले, तरी हताश होण्याचे कारण नाही. मच्छीमार बोटींचे सामान विकणाऱ्या दुकानांत ३१६चे नट-बोल्ट सुटे मिळतात. माझ्या खुर्चीला एकूण चोवीस बोल्ट लागले आणि सगळा खर्च हजार रुपयांच्या आत झाला. प्रत्येक बोल्टच्या दोन्ही बाजूंना नायलॉनचा वॉशर आणि भोकात प्लास्टिकच्या नळीचा छोटा तुकडा घातला, म्हणजे दोन धातूंचा एकमेकांना स्पर्शच होत नाही. गेलेल्या भोकांच्या जागी आतून ॲल्युमिनियमची जाड पट्टी बसवून घ्यावी लागली. मामा आता त्याच खुर्चीत बसतात, मात्र बसण्याआधी हाताने पाठ दाबून पाहतात.

वेणीविषयी थोडक्यात सांगतो. कृत्रिम वेत म्हणून जे विकले जाते ते पॉलिइथिलीनचे असते किंवा पीव्हीसीचे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेला पदार्थ उन्हाने हळूहळू निघून जातो आणि मग पट्टी वाळलेल्या झावळीसारखी कडकड मोडू लागते. अतिनील किरणांपासून संरक्षण देणारी द्रव्ये मिसळलेले पॉलिइथिलीन बरेच अधिक टिकते. दोन्हींतला फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. वेणीचा एक सुटा तुकडा मागून घ्यावा आणि पेलाभर पाण्यात टाकावा: पॉलिइथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. तुकड्याचे कापलेले टोकही पाहावे. रंग आतपर्यंत एकसारखा असेल तर बरे, नुसता वरून चढवलेला असेल तर खुर्ची घेऊ नये. खऱ्या वेताची खुर्ची पडवीत शोभते आणि तिथेच टिकते, पावसात तिचे वळसे सुटतात. जाळीदार कापड ताणून बसवलेली खुर्ची पाण्याचा निचरा लवकर करते, म्हणून मला ती पसंत आहे, फक्त कापड काठाशी कोणत्या दोऱ्याने शिवले आहे ते बघावे. सुती दोरा कापडाच्या कितीतरी आधी कुजतो. आमच्या शेजारच्या वाडीत एका तांडेलाने, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाने, जुन्या सांगाड्यावर ट्रॉलरच्या हिरव्या दोरीची नवारीसारखी वीण घातली आहे. दिसायला ती काही पुरवणीत छापण्याजोगी नाही. पण ती दोरी मुळात ऊन आणि खारे पाणी सोसण्यासाठीच बनवलेली असल्याने ती खुर्ची आमच्या दोन्ही खुर्च्यांना पुरून उरली, हे मान्य करावेच लागेल.

आता लाकडाकडे येतो, कारण शेवटी मी लाकडाकडेच आलो. बागेतल्या खुर्चीसाठी सागवान उत्तम, हे सर्वांना ठाऊक असते आणि नेमका त्याचाच फायदा विक्रेते घेतात. सागाचे टिकाऊपण त्याच्या गाभ्यात असते. गाभ्याच्या लाकडातले नैसर्गिक तेलकट द्रव्य बुरशीला आणि वाळवीला दूर ठेवते, तसेच ते लाकूड पाण्याने फारसे फुगत-आकसत नाही. सालीलगतचे पांढरट लाकूड त्याच झाडाचे असूनही त्याच्यात हे गुण नाहीत. उघड्यावर ते इतर कोणत्याही हलक्या लाकडासारखे दोन-चार पावसाळ्यांत खलास होते. झाड कोवळे असेल तर त्यात हा पांढरा भाग अधिक असतो. खुर्चीला गडद पॉलिश किंवा रंग दिलेला असेल तर गाभा कुठला आणि पांढरे कुठले हे कळतच नाही, म्हणून बाहेरच्या वापराची सागवानी खुर्ची विनारंगाची मागावी आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा उन्हात नेऊन पाहाव्यात. दुकानात हमखास ‘बर्मा टीक’ असे सांगितले जाते. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे आणि बाहेरून येणारे बरेचसे सागवान आता आफ्रिकेतल्या आणि लॅटिन अमेरिकेतल्या लागवडीचे असते. त्यातही चांगले लाकूड असते, पण त्याला बर्माचे नाव कशाला हवे? आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतले, बल्लारशा आणि आलापल्लीच्या आगारांतून लिलावाने विकले जाणारे सागवान कोणत्याही परदेशी नावापेक्षा कमी नाही. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातूनच सागवान गेले होते.

मी खुर्ची गावच्या सुतारांकडून करून घेतली. साधारण दोन घनफूट लाकूड लागले. फळी रंध्याखाली गेल्यावर त्यांनी मला बोलावून तिची कड दाखवली: मधला भाग सोनेरी तपकिरी, आणि कडेला बोटभर रुंदीची फिकट पट्टी. ‘ही पट्टी ठेवली तर लाकूड वाचेल, काढली तर खुर्ची वाचेल, काय करू सर?’ असे त्यांनी विचारले. पट्टी काढली. दुकानात आपल्या वतीने असा प्रश्न कोणी विचारत नाही आणि विचारला तर उत्तर आपल्या बाजूने दिले जात नाही, म्हणून मला सुताराकडे जाणे हा महागडा हौशीपणा न वाटता काटकसर वाटते. मजुरी धरून खर्च पंचवीस हजारांच्या आसपास गेला. आधीच्या खुर्चीचे चौदा हजार दोन पावसाळ्यांनी भागले, तर वर्षाला सात हजार पडतात. ही खुर्ची चार वर्षे टिकली तरी तिने तो हिशेब पार केलेला असेल, आणि ती चारच वर्षे टिकेल असे तिला पाहून कोणी म्हणणार नाही.

सांधे कुसू आणि खाचेचे आहेत. कुसू, म्हणजे लाकडाचे कोरून बारीक केलेले टोक, खाचेत बसवून त्यातून आडवी लाकडी खुंटी ठोकली आहे, त्यामुळे स्क्रूंची संख्या मुळातच कमी झाली. जे लागले ते पितळेचे वापरले, कारण साध्या लोखंडी स्क्रूने ओल्या सागवानावर काळे डाग पडतात. बसण्याच्या पट्ट्या आठ-आठ मिलिमीटरची फट सोडून लावल्या आहेत. दुकानातल्या काही खुर्च्यांत ही फट इतकी अरुंद असते की तिच्यात पाने आणि माती अडकते, पाणी साचते आणि पावसाळ्यात फुगलेल्या पट्ट्या एकमेकींना ढकलून स्क्रू उपटतात.

सुतारांचे एक वाक्य मला वेल्डिंगच्या सगळ्या पाठांपेक्षा उपयोगी वाटले. ते म्हणाले, ‘सर, लाकूड वरून मरत नाही, पायातून मरते.’ लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकाला बारीक नळ्यांची तोंडे उघडी असतात आणि ती दिव्याच्या वातीसारखी पाणी वर ओढतात. आमच्या खळ्याला जांभ्याची फरसबंदी आहे. जांभा पाऊस थांबल्यावरही दिवसेंदिवस ओला राहतो आणि खुर्चीचे चारही पाय त्या ओलीत उभे असतात. पायांना रबरी बूट घालणे हा उपाय वाटतो, पण त्या बुटांतच पाणी साठून पाय अधिक लवकर कुजतो. आमच्या खुर्चीच्या पायांची टोके काजूच्या टरफलांच्या तेलात भिजवली आहेत, जसे पूर्वी होड्यांच्या लाकडाला ते तेल लावत; त्याखाली तळाला भोक असलेली प्लास्टिकची जाड चकती ठोकली आहे. ते तेल कातडीला भाजते, म्हणून हातमोजे घालूनच लावावे, आणि जिथे अंग टेकते त्या भागांना ते मुळीच लावू नये.

वरच्या भागाला आम्ही काहीच लावलेले नाही. सागवान उन्हात काही महिन्यांत रुपेरी करडे होते, त्याने ताकद कमी होत नाही. टीक ऑइल म्हणून मिळणारे तेल रंग टिकवण्यापुरते आहे, ते न लावल्याने खुर्ची लवकर मोडते हा समज खोटा आहे. चकचकीत वॉर्निश तर उघड्यावर लावूच नये, कारण त्याला उन्हाने चिरा पडतात आणि त्या चिरांतून आत गेलेले पाणी बाहेर पडत नाही.

सागवान परवडत नसेल तर कोकणात फणसाच्या गाभ्याचे लाकूड चांगला पर्याय आहे, वाळवीचा त्याला त्रास कमी. आंब्याच्या लाकडाची आणि रबरवुडची खुर्ची मात्र, ती कितीही स्वस्त असली तरी, घराच्या आत ठेवावी. ओलीत या लाकडांना बुरशी आणि पोखरणारे किडे लगेच लागतात.

मजबुतीइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे, जिचा उल्लेख पुरवणीतल्या लेखात असायला हवा होता, आणि ती म्हणजे बैठकीची उंची. दुकानातल्या बहुतेक लाउंजरांची बैठक जमिनीपासून बारा ते चौदा इंचांवर असते. पोहण्याच्या तलावाकाठी लोळणाऱ्या तरुणांना ती सोयीची असेल, पण आपल्या घरांत अशी खुर्ची मुख्यतः ज्येष्ठांसाठी घेतली जाते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तितक्या खालून उठता येत नाही. उठताना तो खुर्चीच्या हातावर सगळा भार टाकतो, आणि हात सांध्यातून हलू लागतो. कित्येक खुर्च्या अशाच मोडतात. आम्ही बैठक सतरा इंच ठेवली आणि हात रुंद केले. पाठीचा कोन बदलण्याच्या खाचा चार आहेत, त्या लाकडातच कापलेल्या असून टेकूचा दांडा त्यांत अर्धा इंच खोल बसतो. दुकानात पाहताना पाठ प्रत्येक खाचेत ठेवून तिच्यावर जोराने रेलून बघावे. युरोपात उघड्यावरच्या फर्निचरसाठी ईएन ५८१ हे मानक आहे आणि त्याच्या दुसऱ्या भागात बैठकींच्या ताकदीच्या चाचण्या सांगितल्या आहेत. खुर्चीवर तसा उल्लेख असेल तर ती चांगलीच खूण आहे, पण अशी चाचणी नव्या खुर्चीची होते, कोकणात दोन पावसाळे काढलेल्या खुर्चीची नव्हे.

गाद्यांबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. साध्या फोमची गादी एकदा भिजली की आठवडाभर वाळत नाही आणि तिला वास येतो. पाणी आरपार वाहून जाणारा मोठ्या छिद्रांचा फोम मिळतो, पण तो महाग असतो. आम्ही जुनी गोधडी घालतो आणि उठताना उचलून आत नेतो.

विदर्भातल्या वाचकांची अडचण वेगळी आहे. तिथे मिठाची भीती नाही, पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेल्यावर गडद रंगाच्या धातूच्या हातावर हात टेकवत नाही आणि अर्धवट वाळलेल्या लाकडाला लांब तडे जातात. त्यांनी स्क्रूच्या जातीपेक्षा लाकूड नीट वाळवलेले आहे का आणि खुर्ची कोणत्या झाडाखाली ठेवायची याचा विचार आधी करावा.

शेवटी तक्रारीचा मुद्दा. माझ्या दुसऱ्या खुर्चीच्या जाहिरातीत ती ‘सर्व ऋतूंसाठी’ असल्याचे म्हटले होते, पण तिच्यासोबतच्या वॉरंटीच्या कार्डावर बारीक अक्षरांत असे छापलेले होते की खुर्ची सतत ऊन-पावसात ठेवल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. बागेसाठी म्हणून विकलेल्या खुर्चीवर बागेत ठेवल्याचा ठपका ठेवायचा, हा युक्तिवाद मी दुकानदारापुढे मांडला, तेव्हा त्याने मान डोलावली आणि कंपनीकडे बोट दाखवले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला तक्रारीचे शुल्कही नाही, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. मला हे सगळे माहीत होते. तरीही मी पुढे गेलो नाही, कारण बिल काढून पाहिले तर त्यावर ‘खुर्ची, १ नग’ एवढेच लिहिलेले होते. ती बागेसाठी विकली, तिचे स्क्रू स्टेनलेसचे असल्याचे सांगितले, यातले काहीही कागदावर नव्हते. चूक माझीच होती.

म्हणून वाचकांना विनंती की पैसे देण्यापूर्वी बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: खुर्ची उघड्यावर ठेवण्यासाठी विकली आहे, लाकूड असल्यास कोणते आणि गाभ्याचे आहे का, व जोडणीचे पोलाद कोणत्या क्रमांकाचे आहे. जो विक्रेता हे लिहून देण्यास कचरतो, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेलेच असते. उत्पादकांना विनंती की कापडाच्या रंगाचे नाव जितक्या ठळक अक्षरांत छापता, तितक्याच ठळकपणे स्क्रूच्या पोलादाचा क्रमांक छापावा. त्यासाठी खर्च शून्य आहे. आणि आपल्या पुरवणीच्या संपादकांना विनंती की पुढच्या वेळी अशा खुर्च्यांची छायाचित्रे छापताना त्यांतले निदान एक खुर्ची उलटी करून काढलेले असावे. ते छायाचित्र हवे असल्यास आमची मोडलेली लोखंडी खुर्ची अजून ओट्याखाली आहे; दुसऱ्या खुर्चीची पांढरी भुकटी आणि तुटलेला स्क्रू मी मुद्दाम काचेच्या बरणीत घालून ठेवला आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त निदेशक
रत्नागिरी